सोळा अल्बमांची चाळिशी

कसब अंगी असणे ही एक गोष्ट आणि ते कशाच्या कामी लावायचे हे उमगणे ही दुसरी. ‘ड्रीम थिएटर’च्या चाळीस वर्षांत या दोन्ही गोष्टी कधी हातात हात घालून चालल्या, तर कधी एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या.

अमेरिकेतील बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५ साली न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडची तीन मुले एकत्र आली. जॉन पेट्रुची गिटार वाजवायचा, जॉन म्यंग बेस गिटार आणि माइक पोर्टनॉय ड्रम. पहिले दोघे शाळेपासूनचे मित्र, तिसरा त्यांना महाविद्यालयात सापडला. वर्गापेक्षा सरावाच्या खोलीत त्यांचा वेळ अधिक जाऊ लागला आणि लवकरच तिघांनीही पदवीचा नाद सोडला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘ड्रीम थिएटर’ या बँडने २०२५ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला त्यांचा सोळावा स्टुडिओ अल्बम ‘पॅरासोम्निया’ बाजारात आला आणि त्यावर पंधरा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला पोर्टनॉय पुन्हा ड्रमवर होता. घर सोडून गेलेला भाऊ कर्त्या वयात परत यावा आणि जुन्या घराचा हिशेब नव्याने मांडला जावा, असा हा प्रसंग. हा हिशेब चाहत्याने मांडावा, पण भक्ताने मांडू नये.

भक्ताचे एक बरे असते. त्याला सोळाही अल्बम सारखेच थोर वाटतात. नवख्या श्रोत्याची मात्र त्यात पंचाईत होते. सोळा अल्बम म्हणजे सुमारे वीस तासांचे संगीत. त्यात चार मिनिटांची गाणी आहेत तशी बेचाळीस मिनिटांची रचनाही आहे. कुठून तरी मधूनच सुरुवात केली, तर ‘ही मंडळी वाजवतात झकास, पण म्हणायचे काय आहे त्यांना?’ असा प्रश्न पडून श्रोता कायमचा निघून जाण्याचा धोका असतो. आणि तो प्रश्न अगदीच अनाठायी नसतो. या बँडचे थोर अल्बम तेच, जिथे वाजवण्याच्या अफाट ताकदीला एखादी गोष्ट, एखादे दुःख किंवा एखादा हट्ट वाहून न्यायचा होता. जिथे ताकदीला असे ओझेच नव्हते तिथे ती स्वतःभोवती फिरत राहिली. या एका कसोटीवर हे सोळा अल्बम घासून पाहता येतात.

आधी या संगीताची घडण. सत्तरच्या दशकात कॅनडाचा ‘रश’ आणि इंग्लंडचे ‘येस’, ‘जेनेसिस’ या बँडनी रॉक संगीताला लांब पल्ल्याच्या, अनेक अंगांच्या रचना दिल्या. त्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. दुसरीकडे ‘आयर्न मेडन’ आणि ‘मेटॅलिका’ यांनी हेवी मेटलला वेग आणि धार दिली. बर्कलीतल्या पोरांना दोन्ही हवे होते. हा संकर करणारे ते पहिले नव्हेत. ‘क्वीन्सराइक’चा ‘ऑपरेशन माइंडक्राइम’ १९८८ मध्ये येऊन गेला होता आणि ‘फेट्स वॉर्निंग’ही त्याच वाटेवर होता. पण प्रोग्रेसिव्ह मेटल म्हटल्यावर आज जे कानात येते, त्याचा साचा ‘ड्रीम थिएटर’ने पक्का केला. रॉक संगीत सहसा चार मात्रांच्या ठेक्यावर चालते, हे मात्र पाच, सात, नऊ अशा मात्रांवर सहज जातात. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांवर वाढलेल्या आपल्या कानाला त्याचे अप्रूप वाटू नये. फरक एवढाच की आपल्याकडे बंदिशीचा ताल एकदा ठरला की तो शेवटपर्यंत सांभाळायचा असतो. इथे तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना बदलतो आणि समेची जागा श्रोत्याने धावत धावत शोधायची असते. ती सापडते तेव्हाचा आनंद मात्र आपल्या मैफलीतल्यासारखाच.

बँडचे पहिले नाव ‘मॅजेस्टी’. त्याच नावाचा आणखी एक बँड कायद्याची भाषा बोलू लागल्यावर नाव बदलावे लागले. तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे इथल्या एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले आणि तेच चिकटले. ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’ हा पहिला अल्बम १९८९ चा. गायक चार्ली डॉमिनिची. कल्पना भरपूर, पैसा आणि वेळ तुटपुंजा. ध्वनिमुद्रण पातळ, आणि पोरांनी आपल्याला येते ते सगळे एकाच अल्बममध्ये कोंबलेले. हा अल्बम वाईट नाही, पण तो ओळखीच्या माणसाचा बालपणीचा फोटो पाहावा तसा, ओळख झाल्यानंतरच ऐकण्याचा आहे.

त्यानंतर डॉमिनिची गेला आणि गायकाचा शोध लांबत गेला. अखेर १९९१ मध्ये कॅनडातून आलेल्या एका टेपवर जेम्स लाब्रीचा आवाज सापडला. जुलै १९९२ मध्ये ‘इमेजेस अँड वर्ड्स’ आला. ते वर्ष लक्षात घ्यायला हवे. सिअॅटलच्या ग्रंज बँडनी अमेरिकी रॉकचे वारे फिरवले होते. लांब गिटारवादन, कीबोर्डच्या लडी, उंच पट्टीतले गायन या सगळ्याला जुनाट ठरवण्याचे ते दिवस. अशा वेळी आठ मिनिटांचे ‘पुल मी अंडर’ रेडिओवर वाजू लागले, एमटीव्हीने त्याची काटछाट केलेली चित्रफीत दाखवली आणि अमेरिकेत या अल्बमच्या पाच लाखांहून अधिक प्रती गेल्या. गाण्याचे शब्द कीबोर्डवादक केव्हिन मूरचे, प्रेरणा ‘हॅम्लेट’ची. हे गाणे शेवटी विरत जात नाही, टेप कापावी तसे मध्येच तुटते. अनेकांना आपली कॅसेट खराब असल्याची शंका यायची.

या अल्बममध्ये आठच गाणी आहेत आणि एकही भरतीचे नाही. ‘अनदर डे’ पेट्रुचीच्या आजारी वडिलांविषयी आहे. त्यातला सॅक्सोफोन जे बेकेनस्टाइनचा. ‘स्पायरो जायरा’ या जॅझ बँडचा हा प्रमुख, ज्याच्या मालकीच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण चालले होते. ‘मेट्रोपोलिस’मध्ये पाचही जण एकमेकांचा पाठलाग करत सुटतात, तरी चाल कुठे हरवत नाही. शेवटचे ‘लर्निंग टू लिव्ह’ अकरा मिनिटांचे आहे आणि ते ऐकताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. दोष काढायचाच तर ड्रमच्या आवाजाचा. निर्माता डेव्हिड प्रेटरने स्नेअर ड्रमवर इतकी यांत्रिक प्रक्रिया केली की खुद्द पोर्टनॉयला ती कधी पटली नाही. पण इथे कसब चालीच्या चाकरीत आहे, चाल कसबाच्या नाही. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

यश मिळाले की कंपनीला दुसरे तसेच यश हवे असते. १९९४ च्या ‘अवेक’मध्ये बँडने नेमके उलटे केले. आवाज जड झाला, रंग काळवंडले. आणि अल्बमच्या शेवटच्या टप्प्यावर केव्हिन मूरने आपण जात असल्याचे सांगितले. त्याने मागे ठेवलेले ‘स्पेस-डाय व्हेस्ट’ हे पियानोवरचे एकाकी गाणे अल्बमच्या शेवटी आहे. बाकीच्यांनी ते वीस वर्षे रंगमंचावर वाजवले नाही. २०१४ च्या दौऱ्यात ते अखेर वाजले, आणि बॉस्टन ऑपेरा हाऊसमध्ये, बर्कलीच्याच विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद सोबत घेऊन झालेल्या कार्यक्रमातही. ‘अवेक’ पहिल्या ऐकण्यात दार उघडत नाही. पण बँडच्या आतल्या ताणाचा एवढा खरा दस्तऐवज दुसरा नाही. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ ज्याला आवडला त्याने हा तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. दुसऱ्या क्रमांकाचा मानकरी पुढे येतो आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस क्युबात सुट्टीवर असताना लाब्रीला अन्नातून विषबाधा झाली आणि उलट्यांच्या जोराने त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली. पुढची कित्येक वर्षे तो मंचावर त्या जखमेसकट गात होता. त्याच्या प्रत्यक्ष गायनावर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये. त्याचे हितचिंतकही हे मान्य करतात की ‘इमेजेस’मधल्या पट्ट्या त्याला आता पूर्वीसारख्या लागत नाहीत. पण स्टुडिओत गोष्ट सांगणारा गायक म्हणून तो या बँडला अपरिहार्य आहे.

सोळांच्या मोजणीत न बसणारी एक रचना इथे सांगितलीच पाहिजे. १९९५ ची ‘अ चेंज ऑफ सीझन्स’, तेवीस मिनिटांची. तिचा आराखडा १९८९ पासून तयार होता, पण कंपनीला त्यात रस नव्हता. शब्द पोर्टनॉयचे. विमान अपघातात गेलेली आई हा त्यांचा विषय. चाहत्यांनी मागणी लावून धरली म्हणून ती ध्वनिमुद्रित झाली. तेवीस मिनिटांत एकही सूर दिखाऊ वाटत नाही, कारण प्रत्येकाला काही तरी सांगायचे आहे.

मग आला १९९७ चा ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’. बँडला दुहेरी अल्बम हवा होता, कंपनीने तो नाकारला. रेडिओवर चालेल असे काही द्या, असा तगादा लागला. बॉन जोव्हीला लोकप्रिय गाणी लिहून देणारा डेस्मंड चाइल्ड एका गाण्यासाठी पेट्रुचीबरोबर बसवला गेला. ‘यू नॉट मी’ हे ते गाणे आजही कानाला उपऱ्यासारखे लागते. तरी ‘ट्रायल ऑफ टिअर्स’ आणि ‘लाइन्स इन द सँड’ या लांब रचनांसाठी हा अल्बम जवळ ठेवावा. बाजाराची नाडी ओळखणाऱ्यांनी सल्ला दिला, बँडने तो अर्धा मानला आणि अल्बम ना बाजाराचा झाला ना बँडचा. पोर्टनॉय तर सगळे सोडून देण्याच्या बेतात होता. पुढच्या अल्बममध्ये कोणाची लुडबूड चालणार नाही, ही अट घालून त्याने कंपनीकडून मोकळीक मिळवली. आणि पाच जणांना पहिल्यांदाच स्वतःशिवाय कोणाला जाब द्यायचा नव्हता.

त्या मोकळिकीचे फळ म्हणजे ‘मेट्रोपोलिस पार्ट टू : सीन्स फ्रॉम अ मेमरी’. ऑक्टोबर १९९९. कीबोर्डवर आता जॉर्डन रूडेस आला होता. लहानपणापासून न्यू यॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत पियानोची तालीम घेतलेला माणूस. निर्माते पेट्रुची आणि पोर्टनॉय स्वतःच. अल्बमभर एकच गोष्ट चालते. निकोलस नावाच्या तरुणाला वारंवार एक स्वप्न पडते. संमोहनतज्ज्ञाकडे गेल्यावर कळते की १९२८ मध्ये खून झालेली व्हिक्टोरिया त्याच्या आत जागी आहे. पुनर्जन्म आणि जुन्या खुनाचा उलगडा हा मसाला ‘मधुमती’ आणि ‘कर्ज’ पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला ओळखीचाच. नवल आहे ते संगीताने गोष्ट पेलण्याचे. एखादी धून पहिल्या प्रसंगात सहज कानावरून जाते आणि तासाभराने वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या अर्थाने परत येते. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या सहा मिनिटांच्या निव्वळ वाद्यरचनेत ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो आणि मध्येच जुन्या मूकपटांत शोभावा असा रॅगटाइम पियानो डोकावतो. एरवी हा चमत्कृतीचा कळस ठरला असता. इथे मात्र नायकाचे डोके भिरभिरलेले आहे आणि त्याच्याबरोबर आपलेही, म्हणून ते खपून जाते. त्यानंतर काही वेळाने ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ हे साधे, भजनासारखे गाणे येते तेव्हा डोळे पाणावणारे मेटल-रसिक मी पाहिले आहेत. शेवटचा धक्का इथे फोडणे हा गुन्हा ठरेल. नवख्याचा दुसरा अल्बम हाच असावा.

याच अल्बमशी निगडित एक दैवदुर्विलास. या अल्बमच्या न्यू यॉर्कमधील प्रयोगाचे थेट ध्वनिमुद्रण ज्या दिवशी दुकानांत आले तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. मुखपृष्ठावर ज्वाळांत वेढलेले न्यू यॉर्कचे क्षितिज होते. प्रती तातडीने मागे घेऊन नवे मुखपृष्ठ लावावे लागले.

२००२ ते २००९ हा बँडचा सर्वाधिक भरभराटीचा काळ. ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’ या २००२ च्या दुहेरी अल्बमची दुसरी तबकडी म्हणजे बेचाळीस मिनिटांची एकच रचना. मानसिक आजारांनी ग्रासलेल्या सहा माणसांची ती सहा चित्रे आहेत. युद्धातून परतलेला सैनिक, बाळंतपणानंतर खचलेली आई, आपल्याच कोशात राहणारा मुलगा. मेटल संगीताला वेडाचे भांडवल करण्याची जुनी खोड आहे. इथे या माणसांकडे सहानुभूतीने पाहिले जाते. वादन कुठेही त्यांच्या पुढे उडी मारत नाही, आणि म्हणूनच बेचाळीस मिनिटे जड होत नाहीत.

याच अल्बमपासून पोर्टनॉयने एक विलक्षण उपक्रम सुरू केला. २००० मध्ये त्याने दारू सोडली होती. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांवर त्याने गाणी लिहायला घेतली आणि ती एकाच अल्बममध्ये न आटोपता पाच अल्बमांवर पसरली. २००२ मधील ‘द ग्लास प्रिझन’ पासून २००९ मधील ‘द शॅटर्ड फोर्ट्रेस’ पर्यंत. आधीच्या गाण्यांच्या धुना शेवटच्यात परततात. व्यसनमुक्ती हे एका झटक्यात होणारे काम नसते आणि ज्याला ते सांगायचे आहे त्याने सात वर्षे घेतली. रूप आणि आशय यांचा असा मेळ रॉकमध्ये क्वचित दिसतो.

सलग अल्बमांना एका धाग्यात ओवण्याचा छंदही याच काळातला. ‘सीन्स’च्या अखेरीस येणारी ग्रामोफोनची खरखर ‘सिक्स डिग्रीज’च्या आरंभी ऐकू येते. त्याचा शेवटचा स्वरमेळ ‘ट्रेन ऑफ थॉट’ (२००३) उघडतो. त्याचा शेवटचा पियानोचा सूर ‘ऑक्टाव्हेरियम’चा (२००५) पहिला सूर बनतो, आणि ‘ऑक्टाव्हेरियम’ त्याच सुरावर संपून वर्तुळ पूर्ण करतो. यातला ‘ट्रेन ऑफ थॉट’ हा सर्वांत आक्रमक. मेटलच्या चाहत्याला इथूनही आत शिरता येईल, पण त्यातले काही एकल वादन निव्वळ वेगाची हौस आहे, हे कबूल केले पाहिजे. ‘ऑक्टाव्हेरियम’ हा आठवा अल्बम, म्हणून त्यात आठ गाणी आणि प्रत्येक गाणे सप्तकात एकेक पायरी वर चढणारे. हा आकड्यांचा खेळ ठाऊक नसला तरी काही बिघडत नाही, कारण चोवीस मिनिटांचे शीर्षकगीत पहिल्या संथ सुरापासून शेवटच्या कल्लोळापर्यंत श्रोत्याला सोडत नाही. ‘सिस्टमॅटिक केऑस’ (२००७) त्या मानाने मधला. उरकल्यासारखे शब्द आणि चमकदार वादन. ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लाइनिंग्ज’ (२००९) मात्र पुन्हा माणसात येतो. बँडला नाव देणारे पोर्टनॉयचे वडील त्या वर्षीच्या जानेवारीत वारले. ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ हे मुलाने त्यांच्यासाठी लिहिलेले तेरा मिनिटांचे गाणे. त्यातले पेट्रुचीचे अखेरचे गिटारवादन हे त्याच्या सर्वोत्तम वादनांपैकी एक आहे, आणि तिथे त्याची बोटे धावत नाहीत, रेंगाळतात.

सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय गेला. त्याला काही काळ विश्रांती हवी होती, इतरांना नको होती. नंतर त्याने परतण्याची इच्छा दाखवली तेव्हा दार लागलेले होते. सात नामवंत ड्रमवादकांची परीक्षा घेऊन बँडने माइक मँजिनीला निवडले. तो बर्कलीतच शिकवत होता. ज्या संस्थेतून तीन विद्यार्थी शिक्षण सोडून बाहेर पडले, तिथल्या प्राध्यापकाने नोकरी सोडून त्यांना येऊन मिळावे, हा काळाचा विनोद.

मँजिनीच्या वाट्याला पाच अल्बम आले आणि चाहत्यांचा पराकोटीचा दुजाभावही. तो अन्यायाचा होता. ‘अ ड्रॅमॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स’च्या (२०११) वेळी ड्रमचे आराखडे पेट्रुचीने संगणकावर आधीच बांधले होते. मँजिनीला ते आपलेसे करायचे होते. अल्बम सुबक आहे, पण सावध. त्यानंतरचा, बँडचेच नाव धारण करणारा २०१३ चा अल्बमही तसाच. मग आला २०१६ चा ‘द अॅस्टॉनिशिंग’. चौतीस तुकडे, एकशे तीस मिनिटे, संगीतावर यंत्रांनी कबजा केलेल्या भविष्यातील साम्राज्याची कथा, आणि सगळ्या पात्रांच्या तोंडी एकटा लाब्री. कथा पेट्रुचीची, संगीत त्याचे आणि रूडेसचे. बँडच्या महत्त्वाकांक्षेला दाद द्यावी आणि ऐकायचे काम सावकाश करावे. ‘सीन्स’मध्ये गोष्ट गाण्यांतून उमलत होती, इथे गाणी गोष्टीची हमाली करतात. ओझे हवे हे आमचेच म्हणणे, पण ते पेलण्याइतके सुरांचे बळही हवे.

त्या पसाऱ्यानंतर बँड शहाणा झाला. न्यू यॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात एका गोठ्याच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत सगळे एकत्र राहिले आणि त्यातून २०१९ चा ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ आला. आटोपशीर, मोकळा, हसरा. त्यानंतरच्या २०२१ च्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द टॉप ऑफ द वर्ल्ड’मधील ‘दि एलियन’ या गाण्याला २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. बँडचे हे पहिलेच ग्रॅमी, आणि ते ड्रमवर मँजिनी असताना मिळाले. पोर्टनॉयच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ही नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.

दुरावा दरम्यान विरघळत होता. २०२० मध्ये पेट्रुचीच्या स्वतंत्र अल्बमवर पोर्टनॉयने ड्रम वाजवले. पाठोपाठ दोघे रूडेससह ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट’ या जुन्या उपक्रमासाठी पुन्हा बसले. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी पुनरागमन जाहीर झाले. मँजिनी कोणतीही कटुता न दाखवता बाजूला झाला. काही आठवड्यांनी पहिला गायक डॉमिनिची वारला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनहून चाळिशीचा दौरा सुरू झाला.

‘पॅरासोम्निया’चा विषय झोपेचे विकार. झोपेत चालणारे, दचकून उठणारे, जागेपणी जखडले गेल्याचा भास होणारे लोक. अल्बम एकाहत्तर मिनिटांचा, शेवटची ‘द शॅडो मॅन इन्सिडंट’ एकोणीस मिनिटांहून मोठी. यात नवे काय, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर : फारसे नाही. पण सूर एकजीव आहे. तालाचे धक्के पुन्हा गाण्याच्या पोटातून येतात. ‘बेंड द क्लॉक’सारख्या संथ गाण्यात चाल आणि वादन परत एकमेकांना ओळखू लागतात. साठीच्या आसपासच्या माणसांकडून एवढे मिळणे थोडे नव्हे. तो ‘सीन्स’च्या पंगतीला बसत नाही, मात्र २००९ नंतरच्या अल्बमांत आमच्या मते तोच सरस.

या बँडवर एक आरोप कायम होतो की हे वादकांनी वादकांसाठी केलेले संगीत आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयीन रॉक स्पर्धांत ‘ड्रीम थिएटर’ वाजवणे ही बराच काळ ताकद सिद्ध करण्याची पद्धत होती, आणि त्यातून बोटे घासून तयार झालेली, पण सांगण्यासारखे काही नसलेली मुलेही निपजली. त्यांनी बँडची तयारी उचलली आणि ती तयारी कशासाठी होती हे सोडून दिले. दोष शिष्यांचा असला तरी गुरूंनीही अधूनमधून तीच शिकवण दिली, हे ‘सिस्टमॅटिक केऑस’ ऐकल्यावर नाकारता येत नाही. उलट, वडिलांचा आजार, आईचा मृत्यू, दारूची तलफ, मित्राचे निघून जाणे यांना हात घातला तेव्हा याच माणसांची तयारी थेट काळजाला भिडली. आपल्या संगीतातही तानेची तयारी आणि रागाचा भाव यांचा झगडा जुना आहे, आणि तिथेही निकाल याहून वेगळा लागलेला नाही.

तेव्हा नवख्यासाठी क्रम असा. आधी ‘इमेजेस अँड वर्ड्स’, मग ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’, मग ‘अवेक’. तिथवर पोचलात तर ‘अ चेंज ऑफ सीझन्स’, ‘सिक्स डिग्रीज’ आणि ‘ऑक्टाव्हेरियम’. दणदणाट आवडत असेल तर ‘ट्रेन ऑफ थॉट’ मध्येच उचलावा. पुढे ‘ब्लॅक क्लाउड्स’, ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’, ‘पॅरासोम्निया’ आणि ‘अ व्ह्यू’. उरलेले सवडीने, आणि पहिला व ‘द अॅस्टॉनिशिंग’ सर्वांत शेवटी.

अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर गाण्याचे भवितव्य ठरण्याच्या काळात हे सांगणे आडमुठेपणाचे वाटेल, पण हे संगीत तुकड्यांनी ऐकण्याचे नाही. फोन बाजूला ठेवून ‘इमेजेस अँड वर्ड्स’ची सत्तावन्न मिनिटे, गाण्यांचा क्रम न मोडता, एकदा सलग ऐकावीत. आवडली तर पुढचे पंधरा अल्बम वाट पाहत आहेत. नाही आवडली, तर हा बँड तुमच्यासाठी नाही, आणि त्यात तुमचाही काही दोष नाही.